घड्याळ लावून फुटबॉलपटू निवडता येतो का?

गेल्या पालक सभेत एक सूचना आली. पुढील वर्षापासून शाळेच्या फुटबॉल शिबिरासाठी पाचवी ते सातवीची मुले ५० मीटर धावण्याच्या वेळेवरून निवडावीत, म्हणजे निवडीबद्दल कुणाला शंका उरणार नाही. आधार म्हणून अमेरिकेचे उदाहरण दिले गेले : तिथे व्यावसायिक खेळाडूंनासुद्धा ४० यार्ड पळवतात आणि स्टॉपवॉचवर वेळ घेतात. सूचनेमागचा हेतू चांगला आहे. निवड सर्वांना दिसेल अशी व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण अमेरिकेचे ते उदाहरण नीट पाहिले तर वेगळेच काही सांगते.

आधी एक खुलासा. आपल्या गोव्यात फुटबॉल म्हटले की कापणी झालेल्या शेतात मुले खेळतात तो खेळ. अमेरिकन फुटबॉल निराळा. त्यात चेंडू लंबगोल, आणि तो मुख्यतः हाताने फेकायचा व झेलायचा. क्वार्टरबॅक फेकतो. कडेने पळत जाऊन तो झेलणारा तो वाइड रिसीव्हर. या जागेसाठी वेग हवाच, असा तिथेही सर्वांचा समज असतो. व्यावसायिक संघांत येऊ पाहणाऱ्या निवडक खेळाडूंची चाचणी १९८७ पासून इंडियानापोलिस शहरात होत आली आहे. तीत ४० यार्डांची, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरांची धाव असते.

२०१७ साली या चाचणीत जॉन रॉस नावाच्या रिसीव्हरने ही धाव ४.२२ सेकंदांत पूर्ण केली. तो तेव्हाचा विक्रम होता. सिनसिनाटी संघाने त्याला त्या वर्षीच्या निवडीत नवव्या क्रमांकाला उचलले. त्याच चाचणीत कूपर कप या मुलाला ४.६२ सेकंद लागले. एवढ्या फरकाने पहिला दुसऱ्यापेक्षा सुमारे साडेतीन मीटर पुढे राहतो. कपचा नंबर लागला ६९ वा, लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघात. पहिल्या हंगामात रॉसच्या नावावर एकही झेल नव्हता (दुखापतींनीही त्याला सतावले, हे सांगायला हवे), तर कपचे ६२ झेल होते. २०२१ च्या हंगामात कपने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन अशी कामगिरी केली. तिन्ही बाबतींत तो साऱ्या लीगमध्ये पहिला. फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. गंमत म्हणजे समोर संघ होता सिनसिनाटी!

हे असे का होते? क्वार्टरबॅक बहुतेक वेळा अडीच-तीन सेकंदांत चेंडू सोडतो. तेवढ्यात रिसीव्हरला दहा-बारा यार्ड पळून एकदम थांबावे लागते, वळावे लागते, अंगावर आलेल्या बचावपटूचे हात झटकावे लागतात. तो कोणत्या पायावर भार देतो आहे हे ओळखावे लागते, आणि मग धक्का बसत असतानाच चेंडू धरावा लागतो. चाळीस यार्डांच्या धावेत समोर कोणी नसते, वळायचे नसते, शेवटी हातात काही धरायचेही नसते.

वेगाचे मोल नाही असे मात्र मी म्हणणार नाही. बॉब हेजने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले आणि १९६५ पासून तो डॅलस संघात रिसीव्हर म्हणून खेळू लागला. एकट्या बचावपटूला तो आवरेना. तेव्हा माणसामागे माणूस लावण्याऐवजी जागा वाटून घेऊन बचाव करण्याकडे प्रतिस्पर्धी संघ अधिक वळले. पण हेज कॉलेजातही फुटबॉल खेळलेला होता. उलट ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचा विश्वविक्रमवीर रेनाल्डो नेहेमाया १९८२ ते १९८४ अशी तीन वर्षे सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात राहिला, आणि त्याचे झेल झाले सगळे मिळून ४३. त्याच संघाने १९८५ मध्ये जेरी राइसला घेतले. राइसची चाळीस यार्डांची वेळ साधारणच होती असे सांगतात. वडील गवंडी. त्यांच्या हाताखाली विटा झेलण्याचे काम त्याने लहानपणी केलेले. वीस हंगामांत त्याने १,५४९ झेल घेतले. हा विक्रम अजून मोडलेला नाही.

आणखी एक गोष्ट सभेत कुणाच्या लक्षात आली नाही. अमेरिकेत घड्याळ येते ते सर्वांत शेवटी. चाचणीला बोलावलेल्या प्रत्येकाचा खेळ निवडकर्त्यांनी कॉलेजच्या सामन्यांत वर्षानुवर्षे पाहिलेला असतो. आपण मात्र घड्याळ पहिल्याच दिवशी लावायला निघालो आहोत, तेही दहा-बारा वर्षांच्या मुलांना. या वयात एकाच वर्गातल्या मुलांत अकरा-अकरा महिन्यांचे अंतर असते. काहींची उंची एका वर्षात वाढते, काहींची नववीत जाऊन. त्यामुळे ५० मीटरची वेळ पुष्कळदा फक्त एवढेच सांगते की कोण आधी मोठा झाला. जी मुले पाचवीत बाहेर राहतील ती आठवीत परत येणार नाहीत. शिबिरच मिळाले नाही तर ती खेळणार कुठे?

धावण्याची चाचणी ठेवावी, पण तिला पाचातला एक वाटा असावा. बाकीचे गुण चेंडू घेऊन वळणे घेत पळण्याला आणि पाच-पाच जणांच्या छोट्या सामन्यांना द्यावेत. मुलींनाही हेच निकष असावेत. दोन शिक्षकांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि ते सूचना फलकावर लावावेत, म्हणजे शंकेला जागा राहणार नाही. घड्याळाच्या निवडीला एक तास पुरतो, या निवडीला तीन दुपारी लागतील. विश्वस्त मंडळाने त्या तीन दुपारी वेळापत्रकात मंजूर कराव्यात, ही विनंती.