चालणाऱ्यांनी कबड्डीत उतरताना
पहाटे पाच किलोमीटर चालणारे अनेक व्यापारी बंधू समाजाच्या क्रीडामहोत्सवात कबड्डीसाठी उत्साहाने नाव देतात. दम तर आहे, मग अडचण कोणती, असा त्यांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. चालणे एका दिशेने, एका लयीत होते. कबड्डीतील चढाई जेमतेम ३० सेकंदांची. पण तेवढ्यात झेप घ्यावी लागते, एकाएकी थांबावे लागते, कमरेतून वळून मध्यरेषा गाठावी लागते. दिवसभर पेढीवर बसून आखडलेल्या पोटऱ्यांना हा झटका सोसत नाही. टाचेमागील शीर तुटण्याचा प्रसंग चाळिशीच्या आसपास अशाच हौशी खेळाडूंवर येतो.

यास्तव निदान दोन महिने आधी व्यायामाची घडी बदलावी. चालणे सोडू नये. आठवड्यातून तीन दिवस पुरे. उरलेल्या दिवसांत आलटून पालटून पंधरा-वीस पावलांची वेगवान धाव व मध्ये पुरेशी विश्रांती, आडव्या उड्या, एका पायावरील बैठका, पायरीवर उभे राहून टाचा उचलणे, असा क्रम असावा. मऊ मातीत पडण्याचा सरावही करावा. तो बहुतेक जण टाळतात, आणि मग खांदा दुखावतो.

पकड मात्र घरी एकट्याने साधत नाही. साखळीतील जोडीदार केव्हा पुढे झेपावणार, हे त्याच्या हाताच्या ओढीवरूनच कळते. त्यासाठी सातही जणांनी आठवड्यातून दोनदा एकत्र यावे. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांना दुकान उघडण्यापूर्वीची वेळच सोयीची. रक्तदाब वा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून संघात नाव देऊ नये.