बंद पडलेला संगणक आणि पाठचिकित्सा

मराठी साहित्याच्या अभ्यासात हस्तलिखिताला जे स्थान आहे, ते बंद पडलेल्या संगणकाला अद्याप मिळालेले नाही. लेखकाच्या पश्चात त्याच्या वह्या, पत्रे, कात्रणे टाकून देऊ नयेत एवढी जाणीव बहुतेक घरांत असते. त्याच टेबलावरचा संगणक मात्र 'चालत नाही' एवढ्या शेऱ्यानिशी माळ्यावर जातो आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या हाती पडतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कितीतरी मराठी लेखन कागदाला न शिवता थेट संगणकावर झाले. त्या लेखनाचे कच्चे खर्डे, गाळलेली प्रकरणे, न धाडलेली पत्रे यांची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. तेव्हा हा प्रश्न केवळ यंत्रदुरुस्तीचा नसून वाङ्मयाच्या अभ्यासाचा आहे, असे आम्हांस वाटते.

मुळात 'संगणक चालत नाही' या वाक्याचा अर्थ फार थोडे लोक तपासून पाहतात. कळ दाबूनही पंखा फिरत नसेल तर दोष बहुधा वीजपुरवठ्याच्या पेटीत, म्हणजे एसएमपीएसमध्ये असतो. पंखा फिरतो, पण पडदा काळा राहून नुसते 'बीप' ऐकू येत असेल, तर रॅमच्या पट्टीकडे संशयाने पाहावे. ती काढून तिची टोके खोडरबराने पुसून परत बसवण्याचा उपाय आपल्याकडचा प्रत्येक कारागीर जाणतो. सुरू होताच तारीख वीस वर्षे मागची दिसत असेल, तर सीआर २०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. 'ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही' असा संदेश येत असेल, तर कधी कधी केवळ तिच्या काही फायली बिघडलेल्या असतात. यांतील बहुतेक प्रसंगी ज्या हार्ड डिस्कवर लेखन साठवलेले असते ती धडधाकट असते. दिवा विझला म्हणून पोथी जळाली असे कोणी म्हणत नाही. संगणकाबाबत मात्र आपण नेमके तेच म्हणतो.

येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. यंत्र पुन्हा चालू करणे ही एक आणि यंत्रातील मजकूर परत मिळवणे ही दुसरी. दुकानदाराकडे संगणक नेला की तो पहिली गोष्ट करून देतो, कारण गिऱ्हाईक तीच मागत असते. 'फॉरमॅट मारावा लागेल' हे त्याचे वाक्य त्याच्या परीने प्रामाणिक असते. पण त्या एका वाक्याला मान डोलावली की जुन्या मजकुरावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली जाते आणि जेवढी जागा ती व्यापते तेवढा मजकूर कायमचा जातो. यंत्र नवेकोरे होऊन घरी येते, पण त्यातला लेखक परत येत नाही. दोष कारागिराचा नव्हे. काय वाचवायचे आहे हे त्याला सांगणारा कोणी नव्हता, हा दोष आहे. ते सांगण्याचे काम साहित्याच्या माणसांचे आहे.

हे काम अवघडही नाही. डिस्क बाहेर काढून साध्या यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावता येते. जुन्या रुंद पट्टीच्या आयडीई डिस्कला आणि नंतरच्या साटा डिस्कला, दोहोंनाही अशा जोडण्या मिळतात. डिस्क न काढताही लिनक्स प्रणाली सीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून चालवून आतील फायली पाहता येतात. डिस्क टकटक आवाज करीत असेल तर मात्र ती तत्काळ बंद करून जाणकाराकडे सोपवावी; प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक ती अधिक घासली जाते. जिचे काही भागच खराब झाले आहेत अशा डिस्कसाठी डीडीरेस्क्यू ही मुक्त आज्ञावली आहे. ती आधी सुस्थितीतील भागांची नक्कल करते आणि मग खराब भागांकडे पुन्हा पुन्हा वळते. जीर्ण पोथीची नक्कल करणारा विवेकी लिपिकार याहून वेगळे काय करतो?

नक्कल आधी आणि वाचन नंतर, हा क्रम मोडू नये. फाईल उघडून सहज 'सेव्ह' केली की तिच्यावरची जुनी तारीख पुसली जाते आणि कोणता खर्डा आधीचा, कोणता नंतरचा हे ठरवण्याचे एक साधन हातचे जाते. या तारखाही डोळे मिटून मानू नयेत. वर सांगितलेली छोटी बॅटरी संपली असेल, तर यंत्राचे घड्याळ मागे जाते आणि त्या काळात लिहिलेल्या सर्व फायलींवर खोटी तारीख बसते. पोथीच्या समाप्तीलेखातील शक पडताळून पाहावा तसाच हाही पडताळा आहे. पाठचिकित्सेचे शिक्षण झालेल्याला हे सांगावे लागू नये.

मराठीपुरता खरा पेच याच्या पुढे आहे. डिस्क मिळाली, फाईल उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसला! युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरी होती. विंडोज २००० मध्ये तिची सोयही झाली. तरी आपल्या छपाईच्या व्यवहारात श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या टंकांचे राज्य पुढे कितीतरी वर्षे टिकले. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. कृतिदेवात 'मराठी' लिहिले असेल आणि तो टंक यंत्रावर नसेल, तर पडद्यावर ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे दिसतात. घरची मंडळी म्हणतात, 'फाईल खराब झाली,' आणि ती पुसून टाकतात. मजकूर शाबूत असताना त्याचा असा अंत व्हावा, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही.

आपल्या वाङ्मयाला हा अनुभव नवा नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकून ठेवले. अक्षर दिसायचे एक आणि वाचायचे दुसरे. पोथ्या डोळ्यांसमोर असूनही पंथाबाहेरच्या अभ्यासकांना त्या शतकानुशतके वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची किल्ली शोधली आणि प्राचीन मराठी गद्याचे एक दालन उघडले. आजच्या टंकांच्या किल्ल्या तर उपलब्ध आहेत. मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या परिवर्तक आज्ञावल्या अनेक आहेत. कोणता टंक वापरला होता हे ओळखणारी नजर तेवढी हवी.

परिवर्तकाने दिलेला पाठ हा अंतिम पाठही नव्हे. जुन्या टंकांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. ही अदलाबदल करताना जोडाक्षरापाशी वेलांटी भलतीकडे जाते. रफार सरकतो, 'ऱ्या'चा 'र्या' होतो, अवतरणचिन्हाच्या जागी भलतेच अक्षर उगवते. हे नव्या काळातले लिपिकारांचे प्रमाद होत. ते ओळखून दुरुस्त करायला संगणकतज्ज्ञापेक्षा मराठी जाणणाराच हवा.

यावर एक आक्षेप संभवतो. लेखकाने जे छापले नाही ते उकरून काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आक्षेप रास्त आहे. टेरी प्रॅचेट यांच्या इच्छेनुसार त्यांचे अपुरे लेखन असलेली हार्ड डिस्क २०१७ साली इंग्लंडमध्ये वाफेच्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. लेखकाची इच्छा स्पष्ट असेल तर ती मान्यच केली पाहिजे. घरच्या संगणकात हिशेब, आजारपणाचे कागद, खाजगी पत्रेही असतात. वारसांच्या संमतीवाचून त्यांना हात लावू नये. पण माळा रिकामा करणे ही काही लेखकाची इच्छा नव्हे. जपून ठेवणे आणि प्रसिद्ध करणे यांत अंतर आहे. सलमान रश्दी यांचे जुने मॅकिंटॉश संगणक अटलांटाच्या एमरी विद्यापीठाने जतन केले आणि त्यांतील एकाची हुबेहूब प्रतिकृती २०१० मध्ये अभ्यासकांसमोर ठेवली. तेथे लेखक हयात होता, त्याची संमती होती. आपल्याकडेही ज्येष्ठ लेखकांना हे आजच विचारता येईल.

विचारण्याची घाईही आहे. नव्या विंडोज संगणकांतील डिस्क बहुतेक वेळा बिटलॉकरने कुलूपबंद असते. यंत्र बिघडल्यावर ती बाहेर काढून दुसरीकडे जोडली, तरी ४८ अंकी किल्लीवाचून एक ओळही वाचता येत नाही. जुनी डिस्क निदान उघडी पोथी होती. ही नवी किल्ली लेखकाने कोठे लिहून ठेवली आहे हे त्याच्या हयातीतच विचारून घ्यावे लागेल. राजवाडे नसलेल्या काळात तर ते अधिकच आवश्यक आहे, आणि राजवाडे असते तरी ही किल्ली त्यांच्याही हाती लागली नसती.

राजवाड्यांनी गावोगाव हिंडून वाड्यांतली दप्तरे मिळवली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली. आजच्या मराठी विभागांना तेवढी पायपीट करावी लागणार नाही. पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सा शिकवताना एक जुनी डिस्क, एक यूएसबी जोडणी आणि एक परिवर्तक मेजावर ठेवावा. एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी असा एक संगणक, संमती घेऊन, वाचून दाखवावा. आणि आपल्या ओळखीच्या घरी माळ्यावर असे यंत्र असेल, तर ते दुकानात धाडण्यापूर्वी घरच्यांना एवढेच सांगावे: आधी नक्कल, मग दुरुस्ती.