बंपर रंगवायला टाकण्याआधी

बंपर रंगवून आणला आणि वर्षाच्या आत रंगाचे पोपडे निघायला लागले, अशी तक्रार आपल्याकडे हमखास ऐकू येते. लोक रंगाला नावे ठेवतात, ‘कंपनीचा रंग वापरलाच नसेल’ म्हणतात. पण दोष बहुधा रंगाखालच्या कामाचा असतो. जे करायला हवे होते ते घाईत राहून गेलेले असते, आणि वरून रंग चढला की ते कोणालाच दिसत नाही. म्हणून गाडीवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, बंपर गॅरेजला टाकलात तर रंग मारण्याच्या आधी, तो प्रायमरवर असताना, एकदा तिथे जाऊन बघा.

आजच्या जवळपास सगळ्या गाड्यांचे बंपर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असतात. ते ठिसूळ राहू नये म्हणून त्यात रबर मिसळतात आणि ताठपणा यावा म्हणून शंखजिऱ्याची पूड. बंपर उतरवून आतल्या बाजूला पाहिलेत तर पीपी, ईपीडीएम, टी 20 अशी अक्षरे साच्यातच उमटवलेली सापडतील. टी 20 म्हणजे 20 टक्के शंखजिरे. या प्लास्टिकचा स्वभाव असा की त्याला काहीच नीट चिकटत नाही. स्वयंपाकघरातल्या डब्याला गोंदाने काही डकवून बघा, नखाने सहज सुटून येते. बंपरवरच्या रंगाचीही तीच गत होते. त्यासाठी आधी प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर पातळ मारावा लागतो. तो उघड्या प्लास्टिकला धरतो आणि वरच्या थरांना धरून ठेवतो. बंपरवरचा जुना रंग घट्ट असेल तर तो सगळा खरवडायची गरज नसते. वॉटर पेपरने घासून त्याची चकाकी घालवली की नवा रंग त्यावर बसतो. पण घासताना जिथे जिथे काळे प्लास्टिक उघडे पडले, तिथे हा प्रायमर हवाच. तो टाळला तर काम पहिल्या दिवशी सुरेख दिसते आणि पोपडे नंतर सुटतात.

प्रायमरच्याही आधी धुणे येते. साबणाच्या पाण्याने आणि मग तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने. टायर किंवा डॅशबोर्ड चमकवायला आपण जे पॉलिश मारतो त्यात बऱ्याचदा सिलिकॉन असते. त्याचा अंश राहिला तर रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि बारीक खळगे पडतात. नवाकोरा बंपर आणला तरी धुणे सुटत नाही, कारण साच्यातून सहज निघावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा थर त्यावर राहिलेला असू शकतो.

आता दुरुस्ती. फुटलेला बंपर बघितला की ‘नवाच टाका’ म्हणणारे बरेच भेटतात. पण तडा गेलेले पॉलिप्रॉपिलीन उष्णतेने वितळते आणि पुन्हा जोडता येते. त्याच प्रकारच्या प्लास्टिकची कांडी वापरून मागून-पुढून वेल्डिंग केले, गरज पडेल तिथे मागून गरम स्टेपलने तारा बसवल्या, तर जोड चांगला टिकतो. दबलेला भाग गरम हवेने मऊ करून आतून ढकलला की पुष्कळ अंशी मूळ आकारात येतो. असे काम करणारे कारागीर आपल्या गावोगावच्या गॅरेजमध्ये आहेत. त्यांच्या हाताला काम द्या. मात्र बंपर जिथे गाडीला अडकतो ते कान तुटून हरवले असतील, किंवा मोठा तुकडाच नसेल, तर हट्ट धरू नका. तिथे नवा घेणेच शहाणपणाचे. कंपनीचा महाग पडतो म्हणून पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला असे स्पेअर पार्टचे बाजार लोक पालथे घालतात. त्यात वावगे काही नाही. फक्त बाहेरच्या बनावटीचा बंपर घेतलात तर रंगवण्याआधी गाडीला लावून बघायला सांगा. हेडलाइटपाशी आणि फेंडरपाशी फट एकसारखी बसते का, हे रंगवल्यानंतर कळून उपयोग नाही.

पुट्टीच्या बाबतीत जरा खोदून विचारा. पत्र्यासाठीची नेहमीची पुट्टी वाळली की दगडासारखी होते. बंपरला दणका बसला की तो थोडा दबतो आणि परत येतो. पुट्टी लवचिक नसेल तर प्लास्टिक वाकते आणि ती तडकते. प्लास्टिकसाठीची पुट्टी वेगळी मिळते, तीच हवी, आणि तीही पातळ. खड्डा भरण्यासाठी जाड लेप लावलेला दिसला तर समजा की आकार काढायचे कष्ट वाचवले आहेत. प्रायमरवर असताना गॅरेजला जायला सांगतो ते यासाठीच. त्या वेळी हात फिरवला की उंचवटे लागतात, मागून बघितले की वेल्डिंग दिसते, आणि चूक सुधारणे अर्ध्या तासाचे काम असते.

बंपर गाडीवरच ठेवून, बाजूला कागद चिकटवून रंगवू देऊ नका, निदान धडक बसली असेल तेव्हा तरी नाही. आपण ज्याला बंपर म्हणतो ते वरचे कवच असते. त्याच्या मागे धक्का झेलणारा फोम आणि लोखंडी आडवी पट्टी असू शकते, दिव्यांच्या आणि सेन्सरच्या वायरी असतात. कवच परत जागेवर येते आणि आतली पट्टी वाकलेलीच राहते, असे होते. कवच उतरवून घ्या आणि स्वतः आत डोकावा. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, तेव्हा मागचा बंपर परत बसवल्यावर रिव्हर्स टाकून ते वाजतात का, हे तिथेच बघा. सेन्सरच्या तोंडावर रंगाचे जाड थर चढवलेले नसावेत. ज्या गाड्यांना बाजूच्या लेनमधले वाहन ओळखणारे रडार आहे, त्यांत ते बहुधा मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत आत लपलेले असते. त्या जागी पुट्टी आणि रंगाचे जाड थर रडारला आंधळे करतात. तिथे दुरुस्तीपेक्षा बदललेले बरे, आणि रडार तपासून घेणे कंपनीच्या वर्कशॉपमध्येच. नंबर पाटीचाही विचार आधी करा. एचएसआरपी पाटीचे लॉक एकदा काढले की तुटते आणि परत वापरता येत नाही, त्यामुळे पाटी काढावी लागणार का, आणि लागली तर नवीन लॉक कसे मिळणार, हे गाडी देतानाच विचारा.

रंग जुळण्याचे म्हणाल तर दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो. तो कोड ही फक्त सुरुवात. पाच-सात उन्हाळे खाल्लेल्या गाडीचा रंग कारखान्यातल्या रंगासारखा राहत नाही. चांगला पेंटर आधी एका पुठ्ठ्यावर किंवा पत्र्यावर रंग मारून, वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर चढवून, वाळवून तो गाडीला टेकवून बघतो, तोही उन्हात. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर फसतो. चंदेरी आणि इतर मेटॅलिक रंग सगळ्यांत अवघड, कारण त्यातले चकाकणारे कण गनच्या दाबाप्रमाणे आणि अंतराप्रमाणे वेगवेगळे बसतात. त्यासाठीच बंपर गाडीवर जसा उभा असतो तसाच स्टँडवर लावून रंगवायला हवा, जमिनीवर आडवा ठेवून नव्हे. इतके करूनही बंपर आणि फेंडरच्या रंगात किंचित फरक उरू शकतो. नव्या गाडीतही तो कधी कधी असतो, कारण प्लास्टिक आणि पत्रा कारखान्यात वेगवेगळे रंगतात. तेवढ्यासाठी पेंटरशी भांडू नका.

आणि घाई करू नका. दाराचा पत्रा उघडा पडला तर गंजतो. बंपरचे प्लास्टिक गंजत नाही. बंपर घट्ट बसलेला आहे, दिवे आणि पाटी शाबूत आहेत, तर चरा पडलेला बंपर महिना-दोन महिने तसाच राहिला म्हणून काही बिघडत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, बंद बूथ नसलेल्या गॅरेजमध्ये रंगकाम करूच नका. ओल्या हवेत क्लिअरवर धुरकट पांढुरकेपणा येतो, धूळ बसते. बूथमध्ये साधारण 60 अंश उष्णतेवर रंग अर्ध्या तासाच्या आसपास भाजून निघतो. ती सोय नसेल तर दिवाळीपर्यंत थांबा.

विम्याचा हिशेब गॅरेजवाल्याच्या तोंडून न घेता स्वतः मांडा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा कापतात, रंगाच्या साहित्यावरही 50 टक्के. वर 1500 सीसीपर्यंतच्या मोटारीला 1000 रुपये आणि त्यापुढच्या मोटारीला 2000 रुपये प्रत्येक क्लेमला तुम्हीच भरायचे. झीरो डेप घेतले असेल तर घसारा वाचतो, हे 1000-2000 वाचत नाहीत. पण खरा खर्च पुढे येतो. क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सवलत 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के अशी चढते, आणि एका क्लेमने शून्यावर येते. ज्याची सवलत 50 टक्क्यांवर पोचली आहे त्याने क्लेम केला, तर पुन्हा 50 वर यायला पाच बिनक्लेम वर्षे लागतात. मूळ ओडी हप्ता, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता, दरवर्षी तितकाच धरला, तर या काळात गेलेली सवलत 50, 30, 25, 15 आणि 5 टक्के, म्हणजे एका वर्षाच्या ओडी हप्त्याच्या सव्वापट होते. सवलत राखणारे वेगळे कव्हर घेतले नसेल, तर एका बंपरच्या रंगापायी क्लेम करणे बहुतेकांना महागच पडते. आणि ‘पुढचा-मागचा दोन्ही एकाच अपघातात दाखवू’ असे कोणी सुचवले तर स्पष्ट नकार द्या. ती फसवणूक आहे, आणि खोट्या अर्जावर सही तुमची असते.

बंपर पुन्हा फुटू नये म्हणून लोखंडी गार्ड लावून घेणारे आहेत. असे गार्ड केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच बेकायदा ठरवले. बंपर फुटतो तो धक्का पोटात घेण्यासाठी. गार्ड लावला की तोच धक्का चासीकडे जातो, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकू शकतो, आणि समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याच्या हाडांवर लोखंड आदळते. हजारो रुपयांचा बंपर वाचवायला हा सौदा करू नये.

गाडी परत घेताना दिवसाउजेडी घ्या. क्लिपा सगळ्या लागल्यात का, फॉगलॅम्प पेटतात का, खालच्या काळ्या खरखरीत भागावर रंग उडाला आहे का, हे बघा. बिलात उतरवणे-बसवणे, वेल्डिंग, रंग आणि क्लिपा वेगवेगळ्या लिहून घ्या, हमी किती महिन्यांची तेही लिहून घ्या. आठवडाभर प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, महिनाभर वॅक्स किंवा सिरॅमिकचा थर देऊ नका; आतला रंग अजून श्वास टाकत असतो.

शेवटचे एक, आणि माझ्या लेखी ते कमी महत्त्वाचे नाही. क्लिअरमध्ये जे हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट असते. त्याचा फवारा छातीत गेल्याने पेंटरना दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या वासानेही ढास लागते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचणारा बूथ लागतो. अशी सोय करणारे गॅरेज थोडे जास्त पैसे मागेल. ते द्या, आणि रंग मारायच्या दिवशी तिथे असाल तर पेंटरच्या तोंडावर काय आहे ते बघून मालकाला विचारा.