ओसरीवरून : पावसाळ्यांतील अंदमान

दरवर्षीं मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास वर्तमानपत्रांत एक ओळ छापून येते, आणि ती वाचून पुण्यांतील घरोघरचीं माणसें उगीचच आभाळाकडे पाहूं लागतात. मोसमी पाऊस अंदमानांत दाखल झाला, ही ती ओळ. तेथें पोंचलेला पाऊस १ जूनच्या सुमारास केरळांत आणि त्यानंतर आठदहा दिवसांनीं आमच्या पर्वतीवर येतो, असा सर्वसाधारण नेम आहे. म्हणजे अंदमान हें नांव आपल्या घरांत दोन वाटांनीं येतें. मे महिन्यांत तें सुवार्तेचें नांव असतें. एरव्हीं तें काळ्या पाण्याचें नांव असतें. आम्ही उभा जन्म मुलांना भूगोल व संस्कृत शिकविण्यांत घालविला, परंतु हीं दोन्ही नांवें एकाच भूमीचीं आहेत, हें आम्हांस खरें उमगलें तें गेल्या वर्षीं, भर पावसांत त्या बेटावर उभें राहिल्यावर.

हा योग जुळून आला तो आमच्या थोरल्या वहिनींमुळें. वहिनींस सध्यां शहात्तरावें वर्ष चालू आहे. आमचे बंधु हयात असतां उभयतांनीं अंदमानास जाऊन सेल्युलर तुरुंगांतील सावरकरांची कोठडी पाहावी, असा बेत दर दिवाळीस होई; आणि कधीं कोणाची मुंज, कधीं कोणाचें बाळंतपण, कधीं छपराची दुरुस्ती, अशा कारणानें तो दर दिवाळीस पुढच्या वर्षावर जाई. एकत्र कुटुंबांत थोरल्यांचे बेत असेच मागें राहतात. त्यांबद्दल ते स्वतः कधीं भांडत नाहींत, म्हणून दुसऱ्या कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. बंधु चार वर्षांपूर्वीं निवर्तले. गेल्या चैत्रांत एके रात्रीं आम्ही सारे पानांवर बसलों असतां वहिनी म्हणाल्या, “मला अंदमानास जावयाचें आहे, आणि तें पावसाळ्यांतच. तात्यारावांना तेथें नेलें तें १९११ सालीं, जुलैच्या चार तारखेस. ती जागा मला त्याच दिवसांत पाहूं द्या.”

घरांत सभा भरली. पुतण्यानें खवळलेल्या समुद्राचें भय सांगितलें. सूनबाईनें सासूबाईंच्या गुडघ्यांची आठवण दिली. नातवानें, पावसाळ्यांत पाणी गढूळ असतें, प्रवाळ कांहीं दिसावयाचें नाहीं, असें म्हणून तोंड वांकडें केलें. आम्हींहि आपला वांटा उचलला. वर्षाऋतूंत प्रवास करूं नये, यति देखील चार महिने एका ठिकाणीं राहतात, मग गृहस्थाश्रमी माणसानें समुद्र ओलांडावा हें कसें, असें सविस्तर निरूपण आम्हीं केलें. वहिनींनीं तें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाल्या, “भाऊजी, चातुर्मास लागतो आषाढी एकादशीस. मी तिच्या आंत परत येतें. आणि यतींचा नेम मलाच लावावयाचा असेल, तर उद्यांपासून मीं भिक्षेस कोणाच्या दारीं जावें, तेंहि सांगा.” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पालख्या पुण्याहून पुढें गेल्या, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत आम्ही पांच माणसें चेन्नईमार्गें विमानानें निघालों.

प्रथम तेथील पावसाविषयीं. द्वीप या शब्दाची फोड, ज्याच्या दोहों अंगांस पाणी तें, अशी व्याकरणांत करितात. जून-जुलैंतील अंदमानांत ही फोड अपुरी वाटते, कारण तेथें तिसरें पाणी वरून असतें. पोर्ट ब्लेअर, ज्यास २०२४ च्या सप्टेंबरांत श्रीविजयपुरम् असें नांव देण्यांत आलें, तेथें वर्षाकाठीं सुमारें तीनशें सेंटिमीटर पाऊस पडतो. म्हणजे पुणें शहराच्या चौपट. तरीहि महाबळेश्वराहून तो बराच कमी. फरक आहे तो वांटणीचा. महाबळेश्वर आपला बहुतेक पाऊस चार महिन्यांत उरकून मोकळें होतें. अंदमानांत नैर्ऋत्येचे वारे मे महिन्यांत येतात ते सप्टेंबरपर्यंत राहतात, आणि त्यांची पाठ फिरते न फिरते तोंच ईशान्येचे वारे पुन्हां पाऊस घेऊन येतात. आम्हीं पाहिलेला पाऊस आपल्याकडील झडीसारखा नव्हता. समुद्रावरून एक काळा ढग चालत यावा, अर्धा तास पलीकडचें झाड दिसूं देऊं नये, आणि निघून जावें. मागें कडक ऊन आणि अंगास चिकटणारी वाफ. दिवसांतून असें चार वेळां. छत्री वाऱ्यानें उलटी होते. पायघोळ रेनकोटच खरा.

दुसरी नवलाई घड्याळाची. हिंदुस्थानचें घड्याळ सर्वत्र एक, परंतु सूर्य तें मानीत नाहीं. पुण्याच्या व या बेटाच्या रेखांशांत सुमारें एकोणीस अंशांचें अंतर आहे, आणि दर अंशास चार मिनिटें या हिशेबानें तेथील सूर्य आपल्याहून सव्वा तास पुढें चालतो. शिवाय उन्हाळी दिवस उत्तरेस मोठा असतो, म्हणून संध्याकाळीं हें अंतर आणखी वाढतें. जूनच्या अखेरीस पुण्यांत सूर्य मावळतो सव्वासातच्या सुमारास. तेथें पावणेसहालाच सायंसंध्येची वेळ होते. ढग असले तर पांच वाजतांच दिवे लागतात. पावसाळ्यांत जाणारानें हें ध्यानांत ठेवावें. पाहावयाचें तें सकाळीं पाहून घ्यावें, कारण उजाडतेंहि पहांटे पांचच्या सुमारास.

या पावसानें त्या बेटाचा इतिहासहि घडविला आहे. आर्चिबाल्ड ब्लेअर या आरमारी अधिकाऱ्यानें १७८९ सालीं येथें पहिली वसाहत मांडली. ती पुढें उत्तरेकडील बंदरांत हलविली, परंतु रोगराईनें माणसें टिकेनात, म्हणून १७९६ सालीं सारें सोडून द्यावें लागलें. नंतर साठ वर्षें कोणी तिकडे फिरकलें नाहीं. १८५७ च्या उठावानंतर १८५८ च्या मार्चमध्यें दोनशें बंदिवान तेथें उतरविण्यांत आले. मार्चांत उतरलेल्या माणसांनीं जंगल तोडावयास लागावें आणि दोन महिन्यांत मोसमी पाऊस सुरू व्हावा, याचा अर्थ काय तो वाचकांनींच मनांत आणावा. डोक्यावर छप्पर नसतांना आलेल्या त्या पहिल्या पावसाळ्यांत किती तरी माणसें दगावलीं. त्यांचीं नांवें आज कोणी घेत नाहीं. पुण्यांत बसून जी ओळ आम्ही आनंदानें वाचतों, ती त्यांच्या दृष्टीनें कशाची वार्ता असेल, हा विचार आम्हांस तोंवर कधीं शिवला नव्हता.

आमच्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशीं स्वराज द्वीपास जावयाचें होतें. पूर्वीं त्यास हॅवलॉक म्हणत. २०१८ सालीं नांव बदललें. बोटीनें दोनअडीच तासांचा प्रवास. सकाळीं धक्क्यावर गेलों तों समुद्र चढलेला, बोटी बंद. बोटीचे पैसे परत मिळाले. पलीकडील उतरावयाच्या जागेचे बुडाले. नातवाच्या सहलीचा मुख्य भागच नाहींसा झाला. “आजोबा, आतां दिवसभर या खोलींत कोंडून घ्यावयाचें काय?” असें तो म्हणाला, व पुतण्याहि आमच्याकडे, जणूं समुद्र आम्हींच चढविला, अशा नजरेनें पाहूं लागला. वहिनी म्हणाल्या, “मग तुरुंगांतच जाऊं. उद्यां जावयाचें तें आज.”

सेल्युलर तुरुंग १८९६ पासून १९०६ पर्यंत बांधण्यांत आला. मध्यें एक मनोरा व त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें निघालेल्या सात तिमजली इमारती. पैकीं आज तीनच उभ्या आहेत. एका इमारतीचें तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे एका बंद्यास दुसऱ्याचें तोंड दिसूं नये. कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद, आणि झरोका दहा फूट उंचीवर. दिवसाकाठीं तीस पौंड खोबरेल कोलू फिरवून काढावयाचें, हें काम आपण वाचून जाणतों. १९७९ च्या फेब्रुवारींत या तुरुंगास राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर करण्यांत आलें. मनोऱ्यांत संगमरवरी फळ्यांवर बंद्यांचीं नांवें प्रांतवार कोरलेलीं आहेत. त्यांत बंगालचीं नांवें इतकीं, कीं वहिनी वाचतां वाचतां थांबल्या व म्हणाल्या, “आपण आपलीं दोनचार नांवें घेऊन येतों. हीं एवढीं माणसें कोणाचीं?” नातवानें त्यांना महावीर सिंग यांचें नांव दाखविलें. १९३३ च्या मे महिन्यांत उपोषण मोडण्यासाठीं बळजबरीनें अन्न घालतांना ते गेले, हें त्यास ठाऊक होतें, आम्हांस नव्हतें.

हिवाळ्यांत, असें ऐकतों, सावरकरांच्या कोठडीपुढें रांग असते व प्रत्येकास क्षणभरच आंत उभें राहतां येतें. त्या दिवशीं पावसामुळें तिसरा मजला जवळजवळ मोकळा होता. कोठड्यांपुढील पडवीस भिंत नाहीं, गजच आहेत; त्यांतून पाऊस सरळ आंत येत होता आणि फरशीवरून वाहत होता. त्याचा आवाज एवढा, कीं दोन हातांवरील माणसाशीं ओरडून बोलावें लागे. तात्यारावांचे थोरले बंधु बाबाराव याच तुरुंगांत होते, आणि बराच काळ एका भावास दुसऱ्याची भेट नाहीं, हें वाचून आम्हांस नेहमीं नवल वाटे. त्या पडवींत उभें राहिल्यावर नवल वाटेनासें झालें. जेथें शेजारची हांक पोंचत नाहीं, तेथें दुसऱ्या आऱ्यांतील माणूस दुसऱ्या बेटावरच असावयाचा.

वहिनी कोठडींत गेल्या व आम्हांस बाहेर थांबावयास सांगून एकट्याच बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर त्या तात्यारावांविषयीं बोलतील असें आम्हांस वाटलें होतें. त्यांनीं नांव काढलें तें येसूवहिनींचें, बाबारावांच्या पत्नीचें. १९१९ सालीं तात्यारावांच्या पत्नी व धाकटे बंधु नारायणराव यांस भेटीची परवानगी मिळून ते तेथें गेले. परंतु येसूवहिनी त्यापूर्वींच वारल्या होत्या. भेटीस आलेल्यांत त्या नाहींत हें बाबारावांस तेथेंच कळलें. वहिनी म्हणाल्या, “धाकट्या जावेला भेट झाली, थोरलीला नाहीं. घर सांभाळणारी थोरली मागेंच राहावयाची.” एवढें बोलून त्यांनीं पदरानें तोंडावरील पाणी पुसलें. तें पावसाचें होतें कीं कसलें, हें आम्हीं विचारलें नाहीं.

इतक्यांत नातू कोठडींत गेला होता. त्यानें भिंतीपासून दारापर्यंत पावलें मोजलीं आणि पुन्हां मोजलीं. “पांचच,” असें म्हणून तो बाहेर आला. खोलींत कोंडून घेण्याविषयीं त्यानें पुन्हां तक्रार केली नाहीं. आम्हींहि त्यास तें बोलून दाखविलें नाहीं. मास्तरकी सोडल्यावर इतकें तरी साधावें.

पावसाळ्यांत जावें काय, असें आम्हांस अनेकांनीं विचारलें, म्हणून स्पष्ट सांगतों. ज्यांस पोहणें, प्रवाळ, निळें पाणी व दूरचीं बेटें पाहावयाचीं आहेत, त्यांनीं डिसेंबरानंतरच जावें. आमच्या नातवाचें म्हणणें त्यापुरतें खरें ठरलें, आणि त्याचें नुकसान आम्ही नाकारीत नाहीं. अर्थात् हिवाळाहि सर्वस्वीं निर्धास्त नव्हे. २०१६ च्या डिसेंबरांत वादळामुळें हजाराहून अधिक प्रवासी हॅवलॉक व नील या बेटांवर अडकले होते, आणि त्यांस आणावयास आरमाराच्या नौका पाठवाव्या लागल्या. परंतु ज्यांस तुरुंग पाहावयाचा आहे, त्यांनीं पावसाळा टाळूं नये. मात्र कांहीं पथ्यें पाळावीं. बेतांत दोन दिवस रिकामे ठेवावे. दूरच्या बेटावर जावयाचें तर आरंभींच जावें, परतीच्या आदल्या दिवशीं कदापि नाहीं. कारण बोट अडली तर विमानहि चुकतें, आणि ढग दाटले म्हणजे विमानेंहि उतरल्यावांचून माघारीं जातात. वृद्धांचीं औषधें चार दिवस अधिक घ्यावीं व हातांतील पिशवींत ठेवावीं. डासांचा बंदोबस्त करावा. ओल्या फरशीवर न घसरणारीं पादत्राणें घ्यावीं; वहिनींचे गुडघे टिकले ते त्यामुळें आणि सूनबाईच्या हातामुळें.

आणखी एक गोष्ट, जी प्रवासाच्या पुस्तकांत सांपडावयाची नाहीं. आपल्या घरांतील थोरल्यांस एकदां विचारावें, तुमचा कोणता बेत मागें राहिला आहे. तो आपणांस अडचणीचा वाटेल, ऋतुहि भलताच असेल. तरी विचारावें. आमच्या बंधूंस आम्हीं विचारलें नाहीं, ही चूक आतां दुरुस्त होण्यासारखी नाहीं.

आम्ही एकादशीच्या आधीं घरीं परतलों. यंदां मे महिन्यांत तीच ओळ पुन्हां छापून आली. आम्ही संवयीनें पर्वतीकडे पाहिलें. वहिनींनीं ती ओळ वाचून चष्मा काढून ठेविला व म्हणाल्या, “म्हणजे आतां त्या पडवींत पाणी आलें असेल.”