सीआरपी वाढले, पुढे काय?

डायलिसिसवरील रुग्णाच्या फाईलमध्ये ‘सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन’ अर्थात सीआरपीचा आकडा हल्ली हटकून आढळतो. तो वाढलेला दिसला की प्रतिजैविकांची चिठ्ठी लिहिली जाते, नाहीतर ‘या रुग्णांत असे असायचेच’ म्हणून कागद मिटला जातो. माझ्या मते हे दोन्ही मार्ग गैर आहेत.

१९३० साली टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांत गवसलेले हे प्रथिन. शरीरात कोठेही दाह सुरू झाला, की इंटरल्यूकिन-६ च्या प्रभावाने यकृत ते तयार करू लागते आणि अल्ब्युमिनची निर्मिती मंदावते. झिमरमन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हिमोडायलिसिसच्या रुग्णांत वाढलेले सीआरपी व मृत्यू यांचा संबंध दाखवला. मग आकडा उतरवला की भागले, असे वाटणे स्वाभाविकच होते. परंतु २००९ च्या ‘अरोरा’ चाचणीत रोसुव्हास्टॅटिनने सीआरपी उतरले. हृदयविकार व मृत्यू मात्र घटले नाहीत.

तेव्हा शोधायचा तो दाहाचा उगम. मानेतील कॅथेटर, किडलेले दात व हिरड्या (रुग्णाला तोंड उघडायला आपण कितीदा सांगतो?), त्वचेखाली गोठून पडलेले जुने कृत्रिम ग्राफ्ट, निकामी झालेले प्रत्यारोपित मूत्रपिंड, डायलिसिसच्या पाण्याची शुद्धता आणि आपल्याकडे न विसरण्याजोगा क्षयरोग.

सर्वाधिक घोटाळा होतो तो रक्तक्षयाच्या उपचारात. दाहामुळे हेप्सिडिन वाढते, लोह साठ्यातच अडकून पडते. फेरिटिन भरपूर दिसते, हिमोग्लोबिन मात्र हलत नाही. मग एरिथ्रोपोएटिनची मात्रा वाढवत नेली जाते. महिनोन्‌महिने ही महाग इंजेक्शने विकत आणणाऱ्या कुटुंबाला ती लागू का पडत नाहीत हे कोणी सांगत नाही. एकट्या फेरिटिनवर विसंबू नये. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहावे आणि मात्रा वाढवण्याआधी दाह आहे काय, हे तपासावे.

कॅथेटरचा प्रश्न तर बव्हंशी आपल्याच हातचा. फिस्टुला वापरण्याजोगा होण्यास काही आठवडे, कधी महिने लागतात. ‘हातावर शस्त्रक्रिया नको’ म्हणून घरची मंडळी दिवस ढकलतात, आणि ‘तात्पुरती’ नळी मानेत महिनोन्‌महिने राहते. क्रिएटिनिन चढू लागताच फॅमिली डॉक्टरांनी रुग्णास मूत्रपिंडतज्ज्ञाकडे पाठवावे, फिस्टुलासाठी एक हात, बहुधा डावा, राखून ठेवावा, आणि त्या हाताच्या शिरेत सुई टोचायची नाही, हे रुग्णाला व परिचारिकेलाही आजच सांगावे.