चढावर मोठेपणा नको

पन्नाशी ओलांडलेल्या रुग्णांना मी गेली अनेक वर्षे सायकल चालवायला सांगत आलो आहे. त्यावर दोन ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले, "डॉक्टर, या वयात सायकलवर दिसलो तर लोक विचारतील, गाडी विकली काय?" दुसरे, "आमच्या रस्त्याला चढ फार. हृदयावर ताण येईल." या दोन्ही उत्तरांच्या मुळाशी असलेला आजार एकच, असे मला आता वाटते. तो आजार मला स्वतःलाच जडला होता आणि त्याचे निदान फ्रान्समधल्या एका जंगलात झाले. म्हणून आजचा लेख थोडा घरगुती आहे. वाचकांनी गोड मानून घ्यावा.

माझी मुलगी नोकरीनिमित्त ल्यॉन शहरात असते. जून २०२३ मध्ये आम्ही बापलेक सायकलवरून चार दिवसांच्या फेरीला निघालो. सायकली आगगाडीत घालून सेंत-एतिएन या गावी उतरलो. हे जुने कोळसाखाणींचे आणि सायकलींच्या कारखान्यांचे शहर. त्याच्या दक्षिणेला पिलाचा डोंगर आहे. त्याचे सर्वांत उंच टोक १४३२ मीटरवर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटएवढे. शहरातून निघाले की रस्ता सुमारे ६०० मीटर चढून ११६१ मीटर उंचीच्या 'कोल द ला रेप्युब्लिक' या खिंडीत पोचतो. दोन्ही बाजूंना सूचिपर्णी वृक्षांचे दाट रान, ओल्या मातीचा वास आणि जूनमध्येही अंगावर शहारा आणणारा गारवा.

मला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. त्या सकाळी गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि न्याहारीला मात्र पावाचा एक तुकडा आणि कॉफी. वाटेत मुलगी दोनदा म्हणाली, "बाबा, थांबा, काहीतरी खाऊन घ्या." मी म्हटले, "वर पोचल्यावर खाऊ."

तेवढ्यात सत्तरीच्या घरातल्या एक बाई मागून आल्या. सायकलला दोन पिशव्या लावलेल्या, पाय भराभर फिरत होते, पण चेहऱ्यावर श्रम नव्हते. "बोंजूर" म्हणून त्या पुढे निघून गेल्या. झाले! माझ्यातला कॉलेजकुमार जागा झाला. हलका गिअर सोडून मी जड गिअर टाकला आणि त्यांच्या मागे लागलो.

खिंड तीनेक किलोमीटरवर असताना हात थरथरू लागले. गारव्यातही घाम फुटला. मुलीने काही विचारले तर तिच्यावर खेकसलो. हँडल सारखे रस्त्याच्या मध्याकडे जात होते आणि मागून ट्रक येत होता. मुलीने ओरडून मला कडेला घेतले. "मला काही झालेले नाही," असे मी तिला ठासून सांगत होतो. जी लक्षणे मी दवाखान्यात रुग्णांच्या नातेवाइकांना पाठ करायला लावतो, ती स्वतःची मला ओळखता आली नाहीत. साखर उतरली की आधी विवेकच सुटतो, तो असा.

सकाळच्या कॉफीबरोबर मिळालेल्या साखरेच्या पुड्या मुलीने पिशवीत टाकून ठेवल्या होत्या. तिने त्या माझ्या तोंडात रिकाम्या केल्या. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५४. पंधरा मिनिटे दगडी कठड्यावर बसून राहिलो, पुन्हा तपासले, पाव आणि केळे खाल्ले. मग उरलेला चढ काही पायी, काही सर्वांत हलक्या गिअरवर पार केला. त्या बाई वर निवांत बसून सुके अंजीर खात होत्या. मुलीने त्यांच्याशी फ्रेंचमध्ये गप्पा मारल्या. आपण अर्ध्याअर्ध्या तासाने काहीतरी तोंडात टाकतो आणि गिअरची लाज बाळगत नाही, एवढेच त्यांचे रहस्य होते.

त्या खिंडीत एका माणसाचे स्मारक आहे. नाव पॉल द विव्ही, टोपणनाव वेलोसिओ. १८५३ साली जन्मलेला हा गृहस्थ सेंत-एतिएनमध्ये राही, सायकलविषयक मासिक चालवी आणि हाच चढ वारंवार चढे. फ्रान्समध्ये सायकलवरून देशाटन करण्याची जी परंपरा आहे, तिचा तो एक आद्य पुरुष. सायकलला एकाहून अधिक गिअर असावेत, असा आग्रह त्याने आयुष्यभर धरला. 'तूर द फ्रान्स' या शर्यतीचा जनक आंरी देग्रांज याने १९०२ साली त्याची खिल्ली उडवली होती. गिअर हे पंचेचाळीशी उलटलेल्यांसाठी, यंत्रापेक्षा स्नायूंच्या जोरावर जिंकणे अधिक चांगले, असा त्याचा सूर होता. त्या शर्यतीत असे गिअर वापरण्याची मुभा मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. मी छप्पन वर्षांचा आहे. देग्रांजची ती थट्टा मी औषधाच्या चिठ्ठीसारखी खिशात ठेवायला तयार आहे!

वेलोसिओने सायकलस्वारांसाठी सात नियम घालून दिले. त्यांतले तीन आमच्या वैद्यकाच्या पुस्तकात शोभावेत असे आहेत. भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे. सुरुवातीच्या तासांत अंगात जोर वाटतो, तेव्हाच आवरते घ्यावे. आणि शेवटचा नियम, केवळ बढाईसाठी पायडल मारू नये. मी एका सकाळी हे तीनही मोडले होते.

आता चढाचे शास्त्र पाहू. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरले, तर ६०० मीटर चढायला शरीर सुमारे साडेपाचशे ते सहाशे कॅलरी जाळते. म्हणजे पाचसहा पोळ्या. ही मजुरी सावकाश चढा की घाईने, जवळजवळ तेवढीच. पण तेच काम निम्म्या वेळात उरकायचे म्हटले, तर हृदयाला दर मिनिटाला दुप्पट राबावे लागते. चढ हृदयाला क्वचितच मारतो, घाई मारते. हलका गिअर म्हणजे तोच भार लहान हप्त्यांत फेडणे. गुडघ्यांचेही तसेच आहे. जड गिअरवर सावकाश रेटण्याने गुडघे दुखतात, हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवल्याने जपले जातात. सीटची उंचीही तपासावी. टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा, म्हणजे चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो.

उरलेले तीन दिवस आम्ही शहाण्यासारखे वागलो. आनोने या गावी पोचलो. माँगोल्फिए बंधूंनी १७८३ साली आपला उष्ण हवेचा फुगा लोकांसमोर उडवला, ते हे गाव. पुढे आर्देश भागात एका बंद पडलेल्या अरुंद लोहमार्गाची सायकलवाट केली आहे, तिने दरीतून उतरलो. आगगाडीसाठी आखलेली वाट, म्हणून चढउतार अगदी सौम्य. भोवती चेस्टनटची झाडे. रोज चाळीस किलोमीटरपेक्षा जास्त जायचे नाही असे ठरवले आणि पाळले. सोमवारी खेड्यांतली बरीच दुकाने बंद असतात, दुपारीही कुलूप असते, म्हणून खाणे जवळ ठेवले. पाणी दफनभूमीतल्या नळावर भरून घेण्याची तिकडच्या सायकलस्वारांची रीत आहे, तीही शिकलो. रानात गवतातून चालल्यावर अंगावर गोचीड पाहायची. ती बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरू लागले, तर डॉक्टर गाठायचा, कारण त्या गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होतो.

तिथे वाहनचालकाने गावाबाहेर सायकलला दीड मीटर अंतर सोडून पुढे जावे, असा कायदाच आहे. १९३६ साली फ्रेंच कामगारांना पहिल्यांदा दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तेव्हा कितीतरी जोडपी दोघांच्या सायकलवर समुद्राकडे आणि डोंगरांकडे निघाली होती. सायकल हे तिथे गरिबीचे चिन्ह उरलेले नाही. काही म्हातारी माणसे विजेची मदत असलेली सायकल घेतात आणि त्यात कोणी कमीपणा मानत नाही. आपल्याकडे मात्र पन्नाशीतले लोक दोन टोकांना असतात. एक तर सायकल सोडून देतात, नाहीतर नवी महागडी सायकल घेऊन पहिल्याच रविवारी घाट चढायला जातात. दोन्हींच्या मागे 'लोक काय म्हणतील' हीच भीती असते.

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाटत असेल, तर ते पित्त समजू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, मग सायकल. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर श्रमाच्या दिवशीचा डोस आधी डॉक्टरांना विचारून ठरवा. खिशात साखर ठेवा. थरथर किंवा घाम जाणवला तर तीन चमचे साखर घेऊन पंधरा मिनिटे थांबा, पुन्हा तपासा आणि मग काही खा. मोठ्या श्रमानंतर साखर रात्रीही उतरू शकते, हे घरच्यांना सांगून ठेवा. चढताना शेजाऱ्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवा. बोलता येईना, तर गिअर उतरवा. गिअर संपले, तर खाली उतरून चाला.

खाली उतरायची मला लाज वाटली होती. त्या लाजेपायी माझ्या मुलीला परक्या देशातल्या रस्त्यावर बापाला ट्रकपासून ओढून घ्यावे लागले. आता मी दवाखान्यात सायकलवर जातो. वाटेत चढ आहे, तिथे कधी कधी उतरून चालतो. लोक विचारतात, "डॉक्टर, पंक्चर झाली का?" मी सांगतो, "नाही. चढ आहे."