उत्तरपत्रिका लिहिणाराच परीक्षक

संगणकाची आज्ञावली लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस आता सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांत चांगलेच रुळले आहेत. गिटहब कंपनीने २०२१ साली 'कोपायलट' पुढे आणला तेव्हा तो सुरू केलेल्या ओळी पूर्ण करून देत असे. आज त्याच जातीची साधने संपूर्ण काम अंगावर घेतात; आज्ञावली लिहितात, ती तपासणाऱ्या चाचण्याही लिहितात आणि सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्याचे निवेदनही स्वतःच सादर करतात. त्यांच्यावर अंकुश असावा म्हणून प्रकल्पाच्या दप्तरात नियमांची एक फाईल ठेवण्याची पद्धत पडली आहे. चाचण्या कशा लिहाव्यात, काय टाळावे, याची कलमे तीत असतात आणि मदतनीस ती वाचून कामाला लागतो. या कलमांची भाषा सरकारी परिपत्रकासारखी सद्धेतूंनी ओथंबलेली असते. परंतु या कलमांचीच परीक्षा कोणी घेतली आहे काय?

हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा म्हणून सोडून देता येण्याजोगा नाही. पगारपत्रके, निवृत्तिवेतन, परीक्षांचे निकाल, विजेची बिले, रेल्वेचे आरक्षण हे सारे आज्ञावलींतूनच बाहेर पडते, आणि तेथे झालेली चूक निस्तरण्यासाठी खेटे घालावे लागतात ते सामान्य माणसाला.

एक साधे उदाहरण घ्यावे. एखादे वर्ष लीप आहे की नाही हे सांगणारी आज्ञावली हवी आहे. वर्षाला ४ ने भाग जातो काय, एवढेच पाहणारी एक ओळ मदतनिसाने लिहिली, आणि २०२०, २०२३ व २०२४ ही वर्षे घेऊन तीन चाचण्या जोडल्या, असे समजू. तिन्ही उत्तीर्ण होतील. आज्ञावलीची प्रत्येक ओळ चाचणीत चालून गेली, म्हणजे या धंद्यात ज्याला 'कव्हरेज' म्हणतात ते शंभर टक्के भरले. तरीही आज्ञावली चूकच आहे, कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप ठरते. १९०० हे लीप वर्ष नव्हते आणि २१०० हेही नसेल. त्याहून वाईट म्हणजे, मदतनिसाने १९०० सालची चाचणी लिहिली आणि अपेक्षित उत्तर म्हणून आपल्याच ओळीने दिलेले उत्तर तेथे उतरवले, तर चुकीवर बरोबरचा शिक्का बसतो. गणिताच्या पुस्तकामागे छापलेली उत्तरेच चुकीची निघावीत, तसला हा प्रकार. लीप वर्षाचा नियम यंत्राला बहुधा ठाऊक असतोच. परंतु भत्त्याचा फरक कोणत्या तारखेपासून द्यायचा, जोडून आलेली सुट्टी रजेत धरायची की नाही, हे प्रत्येक कचेरीचे आपापले नियम त्याला कोणी सांगितल्याखेरीज कसे कळणार?

म्हणूनच 'कव्हरेज नव्वद टक्के असावे' यासारखे कलम दिसायला कडक असले तरी फसवे आहे. ओळ चालली एवढेच ते पाहते. ती बरोबर चालली की नाही, हे पाहत नाही. शिवाय आकडा गाठण्यास सांगितले की आकडा गाठला जातो, हा अनुभव शाळांच्या पटसंख्येपासून कुटुंबकल्याणाच्या उद्दिष्टांपर्यंत सर्वांना आहे. यंत्र या बाबतीत माणसाहून अधिक आज्ञाधारक आहे, आणि धोका नेमका येथेच आहे. ओपनएआय या कंपनीच्या संशोधकांनी मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आपल्याच यंत्राच्या क्लृप्त्या नोंदवल्या आहेत. चाचण्या उत्तीर्ण करण्याचे काम दिले असता, सर्व चाचण्या चालण्याआधीच कार्यक्रम 'यशस्वी' म्हणून संपवून टाकणे, अथवा चाचणी वगळली जाईल अशी व्यवस्था करणे, हे मार्ग त्या यंत्राने शोधून काढले होते. याला लबाडी म्हणावे की नाही, हा वाद तत्त्वज्ञांनी घालावा. व्यवहारात मात्र परीक्षार्थीच्या हाती गुणपत्रिका दिली की काय होते, हे शिक्षकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

चाचणीने दोष आहेत हे दाखवता येते, ते नाहीत हे सिद्ध करता येत नाही, असे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ सालीच बजावले होते. पुढे ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियन-५ हा अग्निबाण उड्डाणानंतर अवघ्या ४० सेकंदांच्या सुमारास नष्ट झाला. एरियन-४ साठी उत्तम चाललेली आज्ञावली त्यात उचलून घेतली होती. नव्या बाणाच्या वेगळ्या उड्डाणमार्गाची आकडेवारी घालून ती तपासली मात्र नव्हती. मोठी संख्या लहान खणात मावली नाही आणि दिशादर्शक यंत्रणाच बंद पडली. चाचणी जुन्या कामावरून बेतली जाते, नव्या गरजेवरून नव्हे, तेव्हा असे घडते. आणि त्या वेळी तर चाचणी घेणारी सारी माणसेच होती.

तेव्हा नियमावलीचे मूल्यमापन म्हणजे तिची भाषा वाचून मान डोलावणे नव्हे. एकच काम ते कलम घालून आणि ते कलम काढून मदतनिसाला द्यावे, आणि तेही अनेकवार, कारण हे यंत्र दर वेळी तेच उत्तर देत नाही. मग आज्ञावलीत मुद्दाम चुका पेराव्यात आणि मदतनिसाच्या चाचण्यांनी त्यांतल्या किती पकडल्या, ते मोजावे. डिमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी १९७८ साली मांडलेल्या 'म्युटेशन' पद्धतीचा गाभा हाच आहे. कलम असले काय आणि नसले काय, पकडलेल्या चुका तेवढ्याच राहिल्या, तर ते कलम खोडून टाकावे. 'चाचण्या दर्जेदार असाव्यात' हे वाक्य या कसोटीवर टिकण्याची आशा थोडीच. उलट, 'दोष दुरुस्त करण्याआधी तो दाखवणारी चाचणी लिहा, ती नापास झालेली दाखवा आणि मगच दुरुस्तीला हात घाला' हे कलम पाळले की नाही, याची नोंद सापडते. केंट बेक यांनी २००२ सालच्या आपल्या पुस्तकात आधी चाचणी आणि मग आज्ञावली हा क्रम सविस्तर मांडला. माणसांना तो जाचक वाटत आला. यंत्राला कंटाळा नसल्याने ते तो निमूट पाळू शकते, हा एक लाभच म्हणायचा.

तथापि या पद्धतीलाही मर्यादा आहे. वरच्या उदाहरणात ४ च्या जागी ५ पेरला तर चाचण्या ताबडतोब आरडाओरड करतील. पण शतकाचा नियम आज्ञावलीत मुळी नाहीच, तेथे पेरणार काय? जे लिहिलेलेच नाही त्याची उणीव आज्ञावली चाळून सापडत नाही. त्यासाठी अपेक्षित उत्तरे बाहेरून, म्हणजे ते काम जाणणाऱ्या लेखनिकाकडून, हिशेबनिसाकडून, पंचांग पाहणाऱ्याकडून यावी लागतात. पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत चाचणीच्या कामापासून नोकरीला आरंभ करणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे. चाचण्यांचे टंकलेखन यंत्राकडे जाईल. १९०० सालाबद्दल विचारायचे कोणाला सुचावे, हे काम मात्र अजून रिकामेच आहे.

आणखी एक गोष्ट सहज होण्याजोगी आहे. 'नापास झालेली चाचणी बदलू नये' असे यंत्राला विनवणारे कलम लिहिण्यापेक्षा, माणसाने मान्य केलेल्या चाचण्यांच्या फाईलींवर त्याला लिहिण्याचा अधिकारच देऊ नये. कोषागाराची किल्ली आणि हिशेबाची वही एकाच माणसाच्या स्वाधीन करू नयेत, हा कारकुनी शहाणपणा आहे, आणि संगणकात तो अमलात आणण्यास फारसा खर्चही येत नाही. खर्च येतो तो उरलेल्या, यंत्राने नव्याने लिहिलेल्या चाचण्या बसून वाचण्याचा. एका दुपारीत शेकडो चाचण्या टेबलावर येऊन पडतात आणि त्या सगळ्या हिरव्या असतात. त्या वाचण्यासाठी कामाच्या अंदाजपत्रकात किती तास धरले आहेत, हे गिऱ्हाइकाने करारावर सही करण्यापूर्वी विचारावे.